कासवाच्या पाठीचा तुकडा की नुसताच दगड? (नाशिक परिसर)

गोदाकाठचा

मंडळी, तीन वस्तू ओळखायच्या आहेत. कासवाच्या कवचाचे जीवाश्म असावेत असं काहींचं मत, 'कंकर (मातीत साकळलेला चुन्याचा गोळा) आहे, फेकून द्या' असं बाकीच्यांचं. फोटो खाली दिलेत, वर्णन असं:

अ) गंगापूर रोडला बांधकामाच्या वाळूच्या ढिगातला तुकडा. ४२ × २८ मिमी, जाडी साधारण ६ मिमी. रंग तपकिरी-काळा. एका अंगाला बारीक खळगे आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या उंच रेघा. दुसरं अंग गुळगुळीत, त्यावर मधोमध एक रुंद उंचवटा.

ब) चांदोरीच्या खालच्या अंगाला नदीची दरड ढासळली आहे, तिच्या पायथ्याशी मिळालेला. शेत खाजगी, मालकाला विचारून घेतला. ३५ × ३० मिमी. पिवळट पांढरा, वर चुन्याचं किटण. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळता. वरच्या अंगावर एक उथळ चर.

क) पांडवलेण्याच्या डोंगराच्या मागच्या उतारावर दीड फुटाचं घुमटाकार 'कासव', पाठीवर पाच-सहा कोनी भेगा. उचललेलं नाही, जागेवरच आहे.

काय बघायचं, कसं बघायचं, सविस्तर सांगा.

---

मिसळ_कमी_तिखट

'क' म्हणजे साक्षात कूर्मावतार. कोणी शेंदूर लावायच्या आत निर्णय घ्या, नंतर भूगर्भशास्त्राचं काही चालणार नाही.

---

अश्मक

'क' आधी निकालात काढतो, कारण ते सोपं आहे. तो बेसाल्ट आहे. नाशिकचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि बहुकोनी भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि मधला भाग गोल राहतो. बाहेरचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात. घुमट आणि वर भेगांची जाळी असं दोन्ही एकत्र आलं की कासव दिसायला लागतं. सह्याद्रीत अशी 'कासवं' हजारोंनी आहेत.

घरच्या घरी खात्री: छोटं निओडिमियम चुंबक दोऱ्याला टांगा आणि दगडाजवळ न्या. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, चुंबक सरळ ओढलं जाईल. हाड चुंबकाला ओढत नाही. पण जपून: नदीतल्या हाडाला बेसाल्टची काळी रेती चिकटलेली असली तर चुंबक थोडं हलतंच, म्हणून ही चाचणी स्वच्छ तुटलेल्या कडेवर करा.

भेगा नीट बघितल्या तरी कळतं. बेसाल्टमधली भेग दगडात आरपार जाते. कासवाच्या पाठीवर दोन वेगवेगळी जाळी असतात आणि ती एकमेकांवर बसत नाहीत. तो मुद्दा कोणी हाडांचा जाणकार नीट मांडेल.

---

पाठकणा

मांडतो. सगळी ओळख तिथेच आहे.

कासवाची पाठ म्हणजे खाली हाडाच्या चकत्या आणि वर खवले. चकत्या एकमेकींना जिथे जुळतात तो सांधा. तो हाडाच्या पूर्ण जाडीतून जातो आणि त्याची कड दातेरी असते. खवल्यांच्या कडा हाडावर फक्त उथळ चर उमटवतात. खवला कुजून जातो, चर राहतो. सांधे आणि चर मुद्दाम एकमेकांना चुकवून असतात, त्यामुळे कवच एका रेषेत फुटत नाही. म्हणून ज्या तुकड्याची कड दातेरी आहे आणि अंगावरून चर भलतीकडेच जातो, तो कासवाचा समजायला हरकत नाही. दगड, खापर, शिंपला, कशातही हे दोन्ही एकत्र सापडत नाही.

आता कुठला तुकडा कसा दिसतो. टणक कवचाच्या साधारण कासवात पाठीच्या मध्यरेषेवर आठच्या आसपास छोट्या, बहुधा षटकोनी चकत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ लांब पट्ट्या, त्यांच्या आतल्या अंगावर बरगडीचा उंचवटा. कडेनं अकरा-अकरा काठपट्ट्या. पोटाच्या बाजूला नऊ हाडं. काठपट्टीचा आडवा छेद पाचरीसारखा किंवा इंग्रजी व्हीसारखा, आणि तिच्या बरोबर मधून एक चर आडवा जातो, कारण काठचे दोन खवले तिथे भेटतात.

एक चूक सर्रास होते. 'चर नाही म्हणजे कासव नाही' असं धरलं जातं. बरगडीच्या पट्ट्यांवर आडवा चर साधारणपणे एकाआड एक पट्टीवरच येतो, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या वगैरे. मधल्या पट्टीचा तुकडा हाती आला तर त्यावर चर नसणारच. मऊ पाठीच्या कासवांना तर खवलेच नसतात, म्हणजे चर शून्य.

तुमचा 'अ' मला तिकडेच नेतोय. 'ब'ची निमुळती कड आणि चर पाहता काठपट्टी असेल, पण कडेचा जवळून फोटो हवा.

---

रानवाटसरू

@पाठकणा, 'अ'वरचे खळगे बघून मगरीची खवलाढाल का नाही? गोदावरीत मगरी होत्याच की.

---

पाठकणा

रास्त शंका. मगरीच्या पाठीतल्या ढालीवरचे खळगे खोल, गोल आणि सुटे असतात, बहुतेक ढालींवर मधोमध वरच्या अंगाला कणा उभा असतो. खालचं अंग सपाट किंवा किंचित वाकलेलं, त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तंतूंची बारीक वीण आणि एखाद-दोन रक्तवाहिन्यांची भोकं. बरगडी कधीच नसते, कारण ती ढाल कातडीतली आहे, सांगाड्याला जोडलेली नाही. 'अ'च्या खालच्या अंगाला रुंद उंचवटा आहे, म्हणजे बरगडी. तिथे मगर बाद.

मऊ पाठीच्या कासवांतही दोन नक्षी वेगळ्या ओळखता येतात. आपल्या तळ्या-विहिरींतलं झापवालं कासव, म्हणजे लिसेमिस, त्याच्या हाडावर दाट बारीक दाणे असतात. नदीतलं मोठं मऊ पाठीचं, निल्सोनिया लेथाय, त्याच्या हाडावर खळगे आणि उंच रेघांचं जाळं. 'अ'वर जाळं आहे, म्हणून लिसेमिस नव्हे.

---

चुनखडी

बाकीचे तोतयेही सांगून ठेवतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडतील. नाशिकला सर्वात जास्त फसवणारा म्हणजे कंकर. पोयट्यात चुना साकळून चपटे गोळे होतात, आतून आकसून भेगा पडतात, त्या भेगांत कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप चुना, भरतं. बाहेरून झिजलं की भेगांचं जाळं उठून दिसतं आणि लोक 'कासव, कासव' करत फोटो टाकतात. तोडलं तर आत एकसारखा भुरा चुना.

दुसरं खापर. जोर्वे काळापासूनची (ताम्रपाषाणयुगातली आणि नंतरची) भांडी या खोऱ्यात विखुरलेली आहेत. खापराचा बाक सगळीकडे सारखा, छेदात वाळूचे कण, भाजणीचा लाल-काळा पट्टा.

तिसरा, इगतपुरी-कसाऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी: थळ घाटातल्या काही बेसाल्टात फेल्डस्पारचे एक-दोन सेंटिमीटरचे पांढरे स्फटिक आडवे-उभे पसरलेले असतात. हाडांचा चुरा वाटतो. सुरीनं ओरखडून बघा: मोहसच्या १ ते १० मापावर हाडाची कठीणता ५ च्या आसपास, फेल्डस्पारची ६. पोलादी पातं हाडावर ओरखडा काढतं, फेल्डस्पारवर सहसा नाही. अकीक तर ७, उलट पात्यालाच खातो.

---

सिन्नरची_थंडी

एवढं कशाला? जीभ लावा. चिकटली तर हाड. आमच्याकडे सगळे हेच करतात.

---

चुनखडी

सगळे करतात म्हणून बरोबर होत नाही. जीभ चिकटते ती सच्छिद्रपणामुळे. कंकर चिकटतो, खापर चिकटतं, कुजका मुरूमही चिकटतो. उलट ज्या जीवाश्माची छिद्रं कॅल्साइटनं भरून गेली आहेत तो चिकटतच नाही, म्हणजे खरा माल नापास. शिवाय गोदावरीतला दगड जिभेवर ठेवायचा? रामकुंडाच्या खालच्या अंगाला तर विचारूच नका.

पाण्याचा एक थेंब टाका, किती पटकन शोषला जातो तेवढंच बघा. माहिती तीच मिळते, पोट बिघडत नाही.

---

प्रयोगवही

आम्लाच्या चाचणीबद्दलही गैरसमज आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फेस आला म्हणजे 'चुना आहे, हाड नाही' असं नव्हे. हाडाच्या छिद्रांत कॅल्साइट भरलेलं असेल तर जीवाश्मही फेसाळतो. फेस नाही आला तर कंकर नाही, एवढंच ठामपणे म्हणता येतं. आणि थेंब टाकायचाच तर तुटलेल्या कोपऱ्यावर. नक्षीवर आम्ल पडलं की तिथला पुरावा गेला.

त्यापेक्षा घनता मोजा. सोनाराचा ०.१ ग्रॅमचा खिशातला काटा पुरतो.

कोरडा तुकडा तोला. मग वेगळ्या वाटीत पाण्यात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा बाहेर काढून वरवर पुसा, दोऱ्याला बांधा आणि ग्लासात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबकळत धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंमी आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा.

वेगळ्या वाटीत आधी भिजवणं टाळलं तर तुकडा ग्लासातलंच पाणी पीत राहतो आणि आकडा सरकत राहतो. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

ढोबळ अंदाज: बेसाल्ट २.८ ते ३.०, अकीक २.६. ताजं सच्छिद्र हाड २ च्या खाली. छिद्रं खनिजानं भरलेलं जीवाश्म हाड २.५ किंवा जास्त. पण २.५ हा कंकरचाही आकडा होऊ शकतो, म्हणून घनता एकटी बोलत नाही. आकार आणि नक्षीनं 'हाड आहे' हे आधी ठरलं पाहिजे, मग घनता 'ताजं की जुनं' यावर बोलते.

---

पाठकणा

@प्रयोगवही, एक दुरुस्ती. पोयट्यातून नुकताच निघालेला, भुसभुशीत, बोटाला पूड लागणारा तुकडा पाण्यात बुडवायचा नाही. आतली चिकणमाती फुगते आणि हाडाचे पापुद्रे निघतात. असा तुकडा आधी सावलीत, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून, हळूहळू वाळू द्या. उन्हात ठेवलात तर तडे जातात. बोटानं घासून पूड आली तर घनतेची चाचणी सोडून द्या.

---

प्रयोगवही

मान्य. टणक तुकड्यांपुरतंच धरा.

---

वनरक्षक_नाही

'अ'बद्दल एक मुद्दा कोणी काढला नाही. तो जीवाश्म नसून अलीकडच्या कासवाचा असला तर? मग तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो. निल्सोनिया काय, लिसेमिस काय, आपली मऊ पाठीची कासवं संरक्षित आहेत. कवचाचा तुकडा घरात ठेवणं, विकणं, कुरिअरनं पाठवणं, सगळंच गोत्यात आणणारं. ओएलएक्सवर 'लकी कासव' म्हणून टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

दुसरं, चांदोरीपासून खाली गेलात की नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य जवळ येतं. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हद्दीच्या आतून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, गोटासुद्धा नाही. हद्द नकाशावर तपासा, शेतमालकाच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका.

---

मिसळ_कमी_तिखट

म्हणजे कासव जितकं जुनं तितका माणूस सुरक्षित.

---

अश्मक

थोडं विषयांतर, पण 'ब' किती जुना असू शकतो हे कळायला लागेल.

बेसाल्टमध्ये कासव मिळत नाही, वितळलेल्या लाव्हात कोण राहणार. पण दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात मिळतं. मुंबईत वरळीच्या अशा थरातलं कासव कार्टरनं १८५२ मध्ये वर्णिलं. त्याच थरांतला बेडूक, इंडोबॅट्राकस, अजूनही प्रसिद्ध आहे. मुंबईच्याच थरांतून पुढे २००३ मध्ये सांकुचेमिस हे आडव्या मानेचं (मान बाजूला दुमडणारं) कासव जाहीर झालं. चंद्रपूरकडे वरोऱ्याजवळ पिसदुरा, तिथे लाव्हाच्या आधीच्या लॅमेटा थरांत कासवांची कवचं डायनोसॉरच्या हाडांबरोबर मिळतात. आणखी खाली प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात कोटा थरातलं इंडोचेलिस तर जुरासिक काळातलं.

नाशिकजवळच्या नदीकाठी यातलं काही अपेक्षित धरू नका. इथल्या दरडी गोदावरीच्या स्वतःच्या गाळाच्या: खाली चुन्यानं सांधलेला गोट्यांचा थर, वर पिवळट पोयटा, त्यावर काळी माती. त्या गाळातून काय मिळू शकतं याचं उदाहरण जवळच आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या गाळातल्या प्राचीन हत्तीवर पिल्ग्रिमनं १९०५ मध्ये लिहिलं. म्हणजे 'ब' खालच्या गोट्यांच्या थरातून आला असेल तर प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळाचा असू शकतो. वरच्या काळ्या मातीतून घसरला असेल तर तो कोणाच्या तरी चुलीवरचं जेवणही असेल. ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननात कासवाची हाडं मिळतातच. कापल्याच्या खुणा आणि जळाल्याचा काळा-करडा रंग आहे का, ते बघा.

म्हणून दरडीच्या पायथ्याशी पडलेल्या तुकड्याला माझ्या लेखी अर्धीच किंमत. दरडीचा फोटो, थरांची उंची, तुकड्याला चिकटलेला गाळ कोणत्या थराशी जुळतो, हे नोंदवा. 'अ'ची तर त्याहून वाईट स्थिती. वाळूचा ट्रक गोदावरीचा, गिरणेचा की तापीचा, देव जाणे.

---

रानवाटसरू

हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत मेगालोकेलिस नावाचं दोन मीटर लांबीचं जमिनीवरचं कासव होतं म्हणतात. 'ब' त्याचा तर नसेल?

---

पाठकणा

३५ मिमीच्या काठपट्टीवरून दोन मीटरचं कासव काढणं म्हणजे सांडगी मिरचीवरून शेत मोजणं. नाही.

---

गोदाकाठचा

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. दिवा बाजूनं जवळजवळ आडवा ठेवून फोटो काढले, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी.

क: चुंबक खेचलं जातं. विषय संपला.

अ: कोरडं वजन ८.६ ग्रॅम, ग्लासवाला आकडा ४.७. म्हणजे १.८३. भिजवताना बुडबुडे बराच वेळ येत होते. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली तुटलेली कड निळसर पांढरी चमकते. छेदात वर-खाली घट्ट थर, मधे जाळीदार, आणि जाळी रिकामी. चर कुठेच नाही.

ब: पूड येत नाही, टणक आहे. १२.३ ग्रॅम, आकडा ४.९. म्हणजे २.५१. यूव्हीखाली चमक नाही, फक्त किटण मंद पिवळट दिसतं. किटणावर आम्लाचा थेंब फेसाळला. समोरासमोरच्या दोन्ही कडा दातेरी. चर या दोन कडांच्या बरोबर मधून जातो, एकाही सांध्यावर बसत नाही. जाडी जाड बाजूला ९ मिमी, निमुळत्या टोकाला ४. आतल्या अंगाला, जाड बाजूकडे, एक छोटा खोल खड्डा आहे. त्याचा अर्थ लागत नाही. जळाल्याचा रंग नाही, कापल्याची खूण नाही.

---

पाठकणा

तो खड्डा म्हणजे बरगडीचं टोक बसायची जागा. आता शंका नको: 'ब' टणक कवचाच्या कासवाची काठपट्टी. कड भरीव आणि निमुळती आहे, दोन फाट्यांत उघडत नाही. म्हणजे पोटकवचाला जोडणाऱ्या पुलाजवळची नसून पुढच्या किंवा मागच्या मोकळ्या काठाची.

जात विचारू नका. काळं कासव, चांदणी कासव, पांगशुरा, तिघांच्याही मोकळ्या काठपट्ट्या एवढ्या तुकड्यात वेगळ्या करणं धाडसाचं. चिठ्ठीवर 'कासव, टणक कवच, मोकळी काठपट्टी' एवढंच लिहा.

---

प्रयोगवही

'अ'ची चमक कोलाजेन, म्हणजे हाडातलं प्रथिन, शिल्लक असल्याची, आणि १.८३ शी ती जुळते. ते हाड खनिजानं भरलेलं नाही. काळपट रंगावर जाऊ नका, नदीच्या चिखलातलं लोह-मँगनीज थोड्या वर्षांतही हाड काळं करतं. रंगावरून वय ठरवणं हा या छंदातला सर्वात मोठा घोटाळा आहे.

---

अश्मक

'अ' ताजा, इथपर्यंत सहमत. 'ब'बद्दल मी थोडा हात राखून बोलेन. आपल्या कोरड्या हवामानात चुनखडी किटण लवकर धरतं, छिद्रंही भरतात. २.५१ म्हणजे 'भरलेलं आहे', 'लाख वर्षं जुनं आहे' असं नव्हे. दरडीत जागेवर दुसरा तुकडा बसलेला दिसला तरच थर सांगता येईल. दिसलाच तर उकरू नका. फोटो, अक्षांश-रेखांश आणि वरून किती मीटर खाली हे घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा आघारकर संशोधन संस्थेला लिहा.

---

प्रयोगवही

@अश्मक, किटणाचं मान्य, पण यूव्हीखाली हाडाला अजिबात चमक नाही हेही धरा. काही पिढ्यांपूर्वीचं हाड थोडं तरी उजळतं.

---

अश्मक

कॅल्साइटनं ती झाकलीही जाते. कड नव्यानं तोडून बघा असं मात्र मी सांगणार नाही.

---

वनरक्षक_नाही

'अ' ताजा ठरला ना? मग सापडल्याची जागा, तारीख, फोटो लिहून वनविभागाकडे जमा करा आणि पोच घ्या. शोकेसमध्ये नको.

---

गोदाकाठचा

तेच करतो. 'ब'वरचं किटण काढायचं का? व्हिनेगर चालेल?

---

चुनखडी

व्हिनेगर नको. ते किटण आणि हाड यांत भेद करत नाही, शिवाय छिद्रांत आम्ल अडकून नंतर क्षार फुलतात. बांबूची काडी आणि मऊ ब्रश, बस. चराच्या आतलं किटण तर राहूच द्या, पुढेमागे कोणाला गाळाचा नमुना लागला तर तिथलाच कामाला येईल.

तडा असेल तर फेविक्विक आणि फेविकॉल दोन्ही लांब ठेवा. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ वापरतात, ॲसिटोनमध्ये विरघळवून. भुसभुशीत हाडात मुरवायला ५ टक्के, म्हणजे १०० मिली ॲसिटोनला ५ ग्रॅम, आणि चिकटवायला घट्ट, ४० टक्क्यांच्या आसपास. पुन्हा ॲसिटोन लावलं की सुटतं, हाच त्याचा मोठा गुण. काम गच्चीवर करा, गॅसच्या शेगडीपासून लांब. आणि तुकडा पूर्ण कोरडा हवा, ओल असली तर द्रावण पांढरं पडतं.

---

सिन्नरची_थंडी

तुकड्यावर नंबर कशानं घालायचा? मार्करनं?

---

चुनखडी

मार्कर हाडात झिरपतो. आतल्या अंगाला, चर आणि दातेरी कड सोडून, पॅरालॉइडचा नखाएवढा पट्टा. वाळल्यावर त्यावर काळ्या इंडिया इंकनं बारीक निबनं नंबर, वर पुन्हा एक थर. वहीत त्याच नंबरापुढे जागा, थर, तारीख, कोणी उचलला आणि मालकाची परवानगी. डबीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहा, बॉलपेन दमटपणात पसरतं.

---

मिसळ_कमी_तिखट

आणि 'क'ला नंबर?

---

अश्मक

त्याला राहू द्या तिथेच. फक्त जागा कोणाला सांगू नका, शेंदूरवाले फिरत असतात.